किती मारले ते विचारू नका

निवृत्त सैनिकाची मुलाखत रेकॉर्ड करायची तर घरच्यांना गप्प बसवणं हेच अर्धं काम असतं. अमळनेर तालुक्यातल्या त्या घरी तर निम्मी भाऊबंदकी जमलेली. आवाज येतो म्हणून कूलर बंद, बाहेर एप्रिलचं ऊन आणि नातवाचं एकच टुमणं, "आबा, किती मारले ते सांगा ना!"

आबा १९७१ ला पूर्व आघाडीवर होते. तासभर त्यांनी टीव्हीवरचंच युद्ध सांगितलं: १६ डिसेंबर, ढाका, ९३ हजार कैदी. सगळं खरं, पण त्यात आबा कुठेच नव्हते. शेवटी मी विचारलं, "तुमच्याकडे गाडी कोणती होती?"

"शक्तिमान. तीन टनी." खाटेवर बसल्या बसल्या आबांचा डावा पाय क्लच शोधायला लागला.

मेघालयातल्या तुऱ्याहून फौज आताच्या बांगलादेशात, कमालपूर, बक्षीगंज करत जमालपूरकडे उतरत होती. आबांच्या गाडीत तिचा दारूगोळा. रात्री हेडलाइट लावायची बंदी. पुढच्या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे दोन चाकांमधल्या गोल पेटीला, पांढरा रंग फासलेला, वर मिणमिणता बल्ब. तो पांढरा गोळा दिसतोय तोवर रस्ता आहे, असं धरून चालायचं. झोप आली की हिरवी मिरची चावायची. (खान्देशी माणूस मिरची घेतल्याशिवाय युद्धालाही जात नाही.)

"एक रातले तो गोळा डावीकडे गेला. तिकडे रस्ताच नव्हता."

मग म्हणाले, "ते बटन बंद कर भाऊ." नातवालाही बाहेर पाठवलं.

गाडी घळीत गेली तो ड्रायव्हर शेजारच्या तालुक्यातला. सुट्टीवर आल्यावर आबा त्याच्या आईला भेटले आणि सांगितलं, समोरून गोळी लागली. गावात आता त्याच्या नावाचा फलक आहे, २६ जानेवारीला शाळेची पोरं तीच हकिकत ऐकतात. माझ्या मते दारूगोळा पोचवताना गेलेला माणूस तसूभरही कमी नाही. पण तसं त्या गावाला सांगणारा मी कोण?

"त्याचं नाव काढी टाक," आबा म्हणाले. "रस्ता राहू दे."

संमतीपत्रावर तसं लिहून घेतलं, पुन्हा रेकॉर्डर लावला आणि विचारलं, "त्या गाडीतला माल?"

"उजाडल्यावर दोर लावून वर ओढला. आमच्या गाड्यांमध्ये वाटून घेतला. दुपारपर्यंत पोचता केला."