लाहूनचा ससाणा, भाग ४ : ६४ पैकी ४१ घरं भरली

इजिप्तच्या एका प्राचीन पदकातला ससाणा मी चांदीत घडवतोय, पट्ट्यांची छोटी घरं करून त्यात कापलेले दगड बसवायचे. काल रात्री साडेअकराला त्याच्या पंखातला शेवटचा खडा बसला आणि मी बराच वेळ नुसता दिव्याखाली तो पंख इकडून तिकडून फिरवत बसलो होतो. चार महिने लागले. डोकं, पाय आणि शेपूट अजून रिकामं आहे, पण पंखात सगळ्यात बारीक घरं होती म्हणून आता बाकीचं होईल असं वाटतंय.

नवीन लोकांसाठी परत एकदा सांगतो. इजिप्तमध्ये फय्यूमजवळ लाहून नावाची जागा आहे, तिथे दुसऱ्या सेनुस्रेत राजाच्या पिरॅमिडच्या आवारात सितहाथोरयुनेत या राजकन्येचं थडगं आहे. चोरांनी ते जुन्या काळातच लुटलं होतं पण भिंतीतला एक कोनाडा गाळानं भरलेला होता तो त्यांच्या हातून सुटला, आणि १९१४ मध्ये फ्लिंडर्स पेट्री आणि गाय ब्रंटन या पुरातत्त्वज्ञांना त्या गाळात तिचे दागिने मिळाले. लाकडी पेट्या कुजून गेल्या होत्या, सोनं आणि खडे तसेच. तिचा मुकुट कैरोला आहे आणि मी ज्याच्या मागे लागलोय ते गळ्यात घालायचं पदक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये. रुंदी ८.२ सेंमी, उंची ४.५ सेंमी, म्हणजे तळहातावर सहज मावेल एवढं, आणि त्यात ३७२ खडे. एकेक खडा त्या त्या घरासाठी वेगळा कापलेला. समोरासमोर दोन ससाणे, मधे राजाचं नाव, नावाखाली गुडघ्यावर बसलेला हेह देव जो दहा लाखांचं चिन्ह आहे आणि त्याच्या हाताला लटकलेलं बेडकाचं पिल्लू म्हणजे एक लाख, थोडक्यात राजाला लाखो वर्षं आयुष्य मिळो असं सगळं चित्रातच लिहिलंय. मी यातला फक्त डावीकडचा एक ससाणा करतोय, दुप्पट मापात, सोन्याऐवजी शुद्ध चांदीत, आणि पंखातल्या ओळी थोड्या कमी करून ६४ घरं धरलीत.

मागच्या भागाखाली दोघांनी विचारलं होतं की मीना कुठला वापरतोस. यात मीना नाहीच. अशा घरं करून भरायच्या कामाला क्लॉइझॉने म्हणतात, आणि हा शब्द ऐकला की आपल्याला मीनाकारी आठवते, काचेची पूड भरून भट्टीत वितळवायची, पण इजिप्तच्या या कामात पट्ट्यांची घरं सोन्याच्या पत्र्यावर उभी करून त्यात कापलेले दगड बसवलेत. आपल्या कोंदणाशी तुलना करायचा मोह होतो, मलाही झाला होता, पण कोंदणात शुद्ध सोन्याचा मऊ वर्ख खड्याभोवती दाबत दाबत त्याला पकडतात, म्हणजे खडा जरा वेडावाकडा असला तरी सोनं सांभाळून घेतं. इथे सोनं काहीही सांभाळून घेत नाही. पट्टी आधीच जोडलेली, सरळ उभी, आणि खडा त्यात बरोब्बर बसला पाहिजे, नाहीतर फट दिसते आणि त्या फटीत खालचा लेप दिसतो. माझे सुरुवातीचे ९ खडे असेच गेले.

आधी जोडकामाबद्दल. पत्रा ०.८ मिमी, पट्ट्या ०.४ मिमी जाड आणि २ मिमी उंच. सुरुवातीला नेहमीचा डाक (सांधा जोडायचा, लवकर वितळणारा धातू) लावून टॉर्चनं जोडत होतो, एक ओळ नीट जोडली की दुसरी ओळ जोडताना पहिली सुटायची, आणि डाक घरात वाहून कोपरे भरायचे, मग ते कोपरे कोरून काढा. दोन आठवडे यातच गेले. मग जुनी युक्ती करून पाहिली, तांब्याच्या क्षाराची. मॅलाकाइट म्हणजे तांब्याचं हिरवं खनिज, ते कुटून अगदी बारीक पूड केली, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवली आणि त्यानंच पट्ट्या चिकटवल्या. तापवलं की डिंकाचा कोळसा होतो, तो कोळसा तांब्यातला ऑक्सिजन ओढून घेतो, उरतं शुद्ध तांबं, तेही नेमकं जिथे पट्टी पत्र्याला टेकलीय तिथेच. चांदी ९६१ अंशांना वितळते पण तांब्याशी मिसळली की ७७९ अंशांनाच पाझरायला लागते, म्हणून सांधा तेवढाच वितळतो आणि बाकी पट्टी उभीच राहते. सोन्याचंही तसंच, १०६४ वरून तांब्यामुळे ९१० च्या आसपास येतं. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये लिटलडेल यांनी ही पद्धत नव्यानं शोधून पेटंट घेतलं होतं, आणि जुन्या रवाकामाचे (सोन्याचे बारीक रवे पत्र्यावर जोडायच्या कामाचे) सांधे असेच जोडले असावेत असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. मॅलाकाइट तर इजिप्तमध्ये घरोघर डोळ्यांत घालायला कुटत होते. पहिल्यांदा जेव्हा अख्खी ओळ एका तापवणीत जोडली गेली आणि कोपरे एकदम स्वच्छ निघाले तेव्हा मला खरंच भरून आलं.

आणि हो, आता टॉर्च बंद. आमच्या गल्लीत एक सोनारकाका आहेत, वय ऐंशीच्या पुढे, दुकान मुलानं बंद केलं पण बागेसरी (सोनाराची शेगडी) आणि फुंकणी त्यांनी ठेवलीय. मी त्यांना इजिप्तच्या सक्कारातल्या, मेरेरुका नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातल्या भिंतीचा फोटो दाखवला, त्यात मुशीभोवती माणसं बसून लांब नळ्यांनी विस्तव फुंकतायत, चार हजार वर्षांहून जुनं चित्र. काकांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "अरे, यांचे गाल बघ, बरोबर फुंकतायत." मग मला शिकवायला बसले. मी छातीतून फुंकत होतो, दोन मिनिटांत चक्कर. काका म्हणाले, "गालात वारा धर आणि नाकानं श्वास घे, फुंक तुटता कामा नये." हे जमायला मला तीन रविवार लागले. पण टॉर्चच्या ज्वाळेपेक्षा फुंकणीनं उष्णता कुठे द्यायची आणि कुठे नाही ते फार चांगलं कळतं, आणि मॅलाकाइटच्या सांध्याला तेच हवं असतं, क्षणभर चमक दिसली की लगेच थांबायचं. इजिप्तवाल्यांच्या नळ्या बोरूच्या आणि टोकाला मातीचं बोंड, तेही करून बघणार आहे.

त्याच मेरेरुकाच्या भिंतीवर बुटके कारागीर मण्यांचे रुंद हार ओवतानाही दिसतात. माझ्या यादीत पुढचा तोच हार आहे, पण ते नंतर.

आता खडे. पंखात तीन रंग आहेत, तांबडा अकीक, निळा लाजवर्द आणि पिरोजा. लाजवर्द तेव्हाही बदख्शानहूनच यायचा, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातून नाईलपर्यंत, हा प्रवास डोक्यात आला की हातातला तुकडा टाकवत नाही, अगदी चुरासुद्धा मी डबीत ठेवतोय. अकीक त्यांना पूर्वेकडच्या वाळवंटात गोट्यांच्या रूपात मिळायचा. मी गुजरातेतल्या खंबातचा घेतला, तो रतनपूरकडच्या खाणींतला, तिथले लोक दगड भाजून त्याचा तांबडा रंग आणतात. चकत्या कापून आणल्या, पण आकार हातानंच, वालुकाश्मावर पाणी टाकून घासत. अकीक म्हणजे क्वार्ट्झच, कठीणपणा १० पैकी ७, आणि घासायची वाळूही क्वार्ट्झच, त्यामुळे दोघंही एकमेकांना सोडत नाहीत. एका तांबड्या पिसाला मला सरासरी दीड तास लागला, लाजवर्दच्या पिसाला चाळीस मिनिटं. हे करेपर्यंत मला वाटायचं की या पदकातली खरी कारागिरी सोन्यात आहे. आता वाटतं ती दगडात आहे, सोनं तर एकदा जोडलं की झालं.

पिरोज्यानं मात्र रडवलं. पहिला माल एका ऑनलाइन दुकानातून मागवला होता, सुंदर आकाशी रंग, सगळे तुकडे एकसारखे, तिथेच शंका यायला हवी होती. एक तुकडा कापला तर आत पांढरा. कापसाला अॅसिटोन लावून पुसलं तर कापूस निळा. होवलाइट नावाचा पांढरा दगड रंगवलेला निघाला, पैसे परत मिळाले नाहीत. दुसऱ्यांदा ओळखीच्या माणसाकडून थोडाच पण खरा घेतला, त्यात हिरवट छटा आहे आणि मला ती जास्त आवडली, कारण मूळ पदकाच्या फोटोत झूम केलं तर तिथेही काही पिसं हिरवटच आहेत. त्यांचा पिरोजा सिनाईतल्या सेराबित अल-खादिमहून यायचा, तिथे हाथोर देवीचं देऊळ आहे आणि तिला पिरोज्याची स्वामिनी म्हणत. तिथल्या एका शिलालेखात हरवेरे नावाच्या अधिकाऱ्याची हकीकत कोरलीय, त्याची मोहीम भर उन्हाळ्यात पोचली आणि या दिवसांत पिरोज्याचा रंग चांगला येत नाही म्हणून माणसं हातपाय गाळून बसली, तरी त्यानं काम रेटलं आणि चांगला दगड मिळवला. हा शिलालेख तिसऱ्या अमेनेमहेतच्या काळातला आहे आणि आपली राजकन्या त्याच राजाच्या काळापर्यंत हयात होती. पिरोजा उष्णतेनं आणि तेलानं रंग बदलतो हे मी स्वतः एक तुकडा दिव्याजवळ विसरून शिकलो, त्यामुळे त्याला आता बोट लावायच्या आधी साबणानं हात धुतो आणि तापवायची सगळी कामं संपल्याशिवाय एकही पिरोजा बसवत नाही.

सगळ्यात मोठी चूक आता सांगतो कारण कुणीतरी हीच करणार. पहिली १२ घरं भरली तेव्हा मी खडे जरा उंच ठेवले आणि मग सगळा भाग एकदम घासून सपाट करायला गेलो, मीनाकारीत करतात तसं. अकीक ७, लाजवर्द साधारण साडेपाच, चांदी तर त्याहून कितीतरी मऊ. अकीक होता तिथेच राहिला, शेजारचा लाजवर्द खोलगट झाला, पट्ट्या गोल झाल्या आणि चांदीचा कीस पिरोज्याच्या बारीक छिद्रांत जाऊन तो करडा पडला. बाराच्या बारा काढावे लागले. त्यानंतर पद्धत बदलली. खडा आधी बाहेरच पूर्ण करायचा, वरची बाजू घासून चमकवून तयार, कडा खाली किंचित आत उतरत्या म्हणजे घरात पाचरीसारखा बसतो, मग घरात लेप टाकून वरून दाबायचा, आणि उंची कमीजास्त झाली तर दगडाला नाही, लेपाला हात लावायचा. लेप म्हणून राळ आणि खडूची पूड वापरतोय, घर जेमतेम कोमट करून.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पंखाच्या टोकाकडे घरं निमुळती होतात, तिथे माझ्या दुप्पट मापातसुद्धा खडा दीड मिमी रुंद आहे आणि घासताना बोटात धरता यायचा नाही. पंख कसाबसा भरला तो बांबूच्या काडीच्या टोकाला राळेनं चिकटवून घासत, पण दर चौथा तुकडा सुटून पाण्यात जायचा. काका म्हणतात लाख वापर, राळ ठिसूळ आहे. कुणी एवढे बारीक दगड हातानं घासले असतील तर काडीला कसं धरता ते नक्की सांगा.

पुढच्या महिन्यात डोकं. डोळ्याला मुळात गार्नेट आहे, माझ्याकडे एक जुन्या कुड्यातला पडून आहे, तो बसतोय का बघतो. आणि मग मागची बाजू, कारण मूळ पदकाच्या मागेही नुसतं सोनं ठेवलेलं नाही, तिथे खडे नाहीत पण पिसं, डोळे, नखं सगळं पुन्हा टाकीनं रेखलंय, जे घालणाऱ्या बाईच्या अंगाला टेकत होतं आणि समोरच्याला दिसतही नव्हतं. माझ्या पत्र्याच्या मागे आत्ता जोडकामाचे काळे डाग आहेत, ते चिंचेच्या पाण्यात उकळून काढायला हवे होते खडे बसवायच्या आधी, आता उकळता येणार नाही. कापसानं हळूहळू पुसून बघतोय, एक कोपरा आज उजळला.