नळी लावून हार्टचं काय कळतं?

ओपीडीत हा प्रश्न दोन तऱ्हांनी येतो. पेशंटचा मुलगा विचारतो, "डॉक्टर, नुसती नळी लावून काय कळणार? सरळ इको काढून टाकू ना." आणि इंटर्न जरा आडवळणाने विचारतात, "सर, आता मर्मर ऐकत बसायचं का?" नळी म्हणजे स्टेथोस्कोप, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी आणि मर्मर म्हणजे ठोक्यांबरोबर ऐकू येणारा जादा आवाज. प्रश्न नेहमीचाच, म्हणून जरा सविस्तर.

आधी हे सांगून टाकतो की नळीला नको तेवढा मान मिळालाय. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक यांनी कागदाची सुरळी करून एका मुलीच्या छातीला लावली, त्यातून स्टेथोस्कोप आला. आज तो डॉक्टरच्या गळ्यात असतो आणि फोटोतही छान दिसतो. पण हृदयाच्या आजाराचं बरंचसं निदान पेशंटच्या बोलण्यात असतं, बरंचसं मानेवर दिसतं, आणि त्यानंतर कानाची पाळी येते.

"दम लागतो का?" असं विचारलं की पुष्कळ लोक "नाही" म्हणतात. खोटं बोलत नाहीत ते. दम लागायला लागला तसं त्यांनी कामच कमी केलेलं असतं. म्हणून मी विचारतो, मागच्या दिवाळीत शेतावर चालत जात होतात, आता जाता का? वाटेत कुठे टेकता? पुस्तकात लिहिलंय की रात्री किती उशा लागतात ते विचारा. पण सतरंजीवर बिनउशीचं झोपणाऱ्या आजींना तो प्रश्न काय कामाचा? त्यांना विचारायचं, "आडवं झालं की खोकला येतो का? भिंतीला टेकून बसावं लागतं का?" मग सूनच सांगते की आजी तास-दोन तास झोपतात, मग घाबऱ्याघुबऱ्या उठून दारात जाऊन बसतात, अर्ध्या तासाने बरं वाटलं की परत आत. आडवं झालं की पायांकडे साठलेलं पाणी आणि रक्त वर येतं, हृदयाच्या डाव्या बाजूला ते पुढे ढकलता येत नाही, मग ते फुप्फुसात तुंबतं. अशा आजींच्या पिशवीत दमा समजून चुकून दिलेला पंप मी कितीदा तरी पाहिलाय.

आता मान. विद्यार्थ्यांना महाधमनीची झडप गळत असेल तर दिसणाऱ्या खुणा नावांसकट पाठ असतात. फ्रेंच कवी आल्फ्रेद द म्युसे यांची मान प्रत्येक ठोक्याला डुलायची, त्यावरून एका खुणेला त्यांचं नाव आहे, तेही पोरं धडाधड सांगतात. मात्र समोरच्या पेशंटच्या गळ्यातली शीर बघा म्हटलं की चुळबुळ सुरू होते. माझ्या मते अख्ख्या तपासणीत सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच.

पेशंटला पाठीमागे टेकवून ४५ अंशांत बसवायचं, हनुवटी किंचित डावीकडे, उजेड बाजूने आलेला हवा. उजव्या बाजूला खोलवरच्या शिरेची थरथर त्वचेवर उमटते. शेजारची धमनी हाताला लागते आणि प्रत्येक ठोक्याला एकदाच उडते. शिरेची थरथर डोळ्यांना दिसते पण बोटाला लागत नाही, दर ठोक्याला बहुधा दोनदा हलते, आणि श्वास आत घेतला की खाली उतरते. छातीच्या हाडावर, वरून थोडं खाली, एक उंचवटा लागतो. तिथून सरळ उभ्या रेषेत ही थरथर ३ सेंटिमीटरच्या वर दिसली, तर हृदयाच्या उजव्या बाजूचा दाब वाढलेला आहे. पट्टी घेऊन मोजता येतं, पैसे लागत नाहीत.

तिशीतला एक तरुण आठवतो. पोटात पाणी, ते वारंवार काढलेलं, फाइलवर लिव्हर सिरॉसिसचा शिक्का. दारूला शिवत नाही असं तो शपथा घेऊन सांगायचा, कुणाला खरं वाटायचं नाही. पायांपेक्षा पोट जास्त फुगलेलं. ४५ अंशांत मानेवर काही दिसेना, तेव्हा त्याला ताठ बसवलं. शीर थेट कानाच्या पाळीखाली उडत होती. दाब इतका वाढलेला की टेकून बसल्यावर तिची वरची कड जबड्याच्याही वर जात होती, म्हणून दिसली नव्हती. आणि श्वास आत घेतल्यावर ती उतरण्याऐवजी वर चढत होती. नुसतं लिव्हर बिघडलं तर असं होत नाही. हृदयाभोवतीचं आवरण जाड होऊन हृदयाला चहूबाजूंनी आवळून बसलं होतं, आणि आपल्याकडे याच्यामागे बहुधा टीबी असतो. त्याचा इको आधी झाला होता बरं का. रिपोर्टमध्ये पंपिंग ६० टक्के, नॉर्मल. ते खरंच नॉर्मल होतं, आवळलेलं हृदय आकुंचन नीट पावतं, त्याला भरायलाच जागा नसते. 'आवरण बघा' असं चिठ्ठीवर लिहून परत इको करायला पाठवलं, तेव्हा सापडलं. टीबीची औषधं आणि पुढे ऑपरेशन. सरळ इको का नाही, याचं माझं उत्तर हे आहे.

नळी खरी कामाची आहे ती झडपांसाठी. पाचव्या-सहाव्या महिन्यात धाप लागणारी गरोदर बाई आली की 'या दिवसांत असं होतंच' म्हणून सोडून देऊ नये. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, आणि लहानपणच्या संधिवाती तापाने अरुंद झालेली मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) तेव्हा पहिल्यांदा कुरकुरते. तिला डाव्या कुशीवर वळवायचं, श्वास सोडून धरायला सांगायचा, नळीची छोटी वाटी हलकेच टेकवायची, आणि पंखा बंद करायचा. पंखा चालू असला तर तो खर्जातला घरघराट सुटलाच म्हणून समजा. हृदय सैल पडताना ऐकू येणारा मर्मर कधीच निरुपद्रवी नसतो, त्याला इको पाहिजेच. याउलट शाळेच्या तपासणीत 'आवाज आहे' म्हणून पाठवलेल्या, धावत-पळत आलेल्या पोराचा मऊ मर्मर बहुतेक वेळा काही नसतो. आवाजाच्या मोठेपणावरही जाऊ नका. हृदयाच्या पडद्यातलं लहानसं छिद्र केवढा तरी गोंगाट करतं, आणि महाधमनीची झडप पार अरुंद होऊन हृदय थकलं की मर्मर उलट मंद होतो.

आणि तुम्हाला ज्याची खरी धास्ती असते, तो हार्ट अटॅक? तिथे नळी बहुतेकदा गप्प असते. ठोके नीट, छाती साफ, बीपीसुद्धा ठीक असू शकतं. तिथे ऐकायचं ते पेशंटचं. "दुखत नाही हो, जड वाटतंय," असं म्हणत तो मूठ छातीवर धरतो, अंगाला गार घाम सुटलेला, आणि घरचे सांगतात की गॅस झालाय, ओवा-सोडा देऊन बघितला. मधुमेह असलेल्यांना आणि वयस्कर बायकांना छातीचा त्रासच नसतो कधीकधी, नुसती धाप किंवा मळमळ. अशा वेळी १०८ ला फोन करा, ओवा राहू द्या. माझ्याकडे असा पेशंट आला की १० मिनिटांच्या आत ईसीजी, नळी नंतर. पहिला ईसीजी साफ आला तरी घरी सोडत नाही. थोड्या वेळाने परत काढतो, रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन, बघतो. घरात जुना ईसीजी असेल तर सोबत आणा, नव्याशी ताडून बघायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त त्याची आजच झेरॉक्स काढून ठेवा. तो कागद थर्मल असतो, काही महिन्यांत त्यावरच्या रेषा उडून जातात.