आमची वाटचाल : वेब डिझाईन आम्ही कुठे शिकलो आणि आता कुठे शिकावं

२००९ साली कोल्हापुरात आम्ही वेब डिझाईनची फर्म काढली, तेव्हा आम्हा दोघांपैकी एकाकडेही वेब डिझाईनची पदवी नव्हती. मी उपयोजित कलेतली जी. डी. आर्ट, म्हणजे सरकारी कला पदविका घेतलेली. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट, मग फाउंडेशन, अशी चित्रकलेच्या वाटेने आलेली. भागीदार बीसीएस, म्हणजे कॉम्प्युटरचा पदवीधर झालेला, पीएचपी या कोडच्या भाषेचं आणि डेटाबेसचं काम करणारा. मला अक्षर कळायचं, त्याला कोड. राजारामपुरीत भाड्याची एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि सुरुवातीला मिळेल ते काम: व्हिजिटिंग कार्ड, माहितीपत्रकं, लग्नपत्रिकासुद्धा.

वेबसाईटचं पहिलं मोठं काम शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचं होतं. त्या काळी पान उघडलं की आधी फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधला फिरणारा लोगो, संगीत आणि मग ‘आत या’ असं बटण ही पद्धत होती. मालकांनाही तसंच हवं होतं. आम्ही त्यांना एकच विचारलं, ही साईट कोण बघणार? ते म्हणाले, परदेशातल्या कंपनीचा खरेदी करणारा इंजिनिअर. मग त्या इंजिनिअरला काय लागतं, हे समजून घ्यायला आम्ही कारखान्यात जाऊन बसलो. ओतीव लोखंडाच्या दोन प्रकारांपैकी ग्रे आयर्न करता की एसजी आयर्न? एक कास्टिंग (ओतलेला भाग) कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती किलोचं? महिन्याला किती टन निघतं? मशीनिंग आपल्याकडेच होतं का? प्रमाणपत्रं कोणती आहेत? ही सगळी माहिती आम्ही एका स्वच्छ तक्त्यात पहिल्याच पानावर मांडली. मालकांना ते पान साधं वाटलं, पण चौकशीच्या ईमेल येऊ लागल्या आणि त्यांच्याच ओळखीने आम्हाला उद्यमनगरातली आणि गोकुळ शिरगावातली कामं मिळाली. डिझाईन म्हणजे वाचणाऱ्याच्या प्रश्नांचा क्रम लावणं, हे मी त्या कारखान्यात शिकले. आजही नवीन मुलांना आधी तेच शिकवते.

साधनं मात्र आमच्या डोळ्यांदेखत बदलत गेली. आयफोनवर फ्लॅश कधी चाललंच नाही. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याला कायमचं बंद केलं. मे २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाईन’ची कल्पना मांडली: एकच पान स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे स्वतःची मांडणी बदलेल. तोवर आम्ही ९६० पिक्सेल रुंदीचं पान आखायचो आणि त्यावर समाधानी असायचो. एप्रिल २०१५ मध्ये गुगलने मोबाईलवर नीट दिसणाऱ्या पानांना मोबाईलच्या शोधात झुकतं माप द्यायला सुरुवात केली, पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं, आणि आमच्या जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या असंख्य लोकांचा इंटरनेटशी पहिला संबंध थेट फोनवर आला. जुन्या गिऱ्हाइकांच्या जवळजवळ सगळ्या साईट आम्ही त्या दोन-तीन वर्षांत नव्याने बांधल्या. २०१७ मध्ये पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेतलं ग्रिड, म्हणजे चौकटींत मांडणी करण्याची सोय, ब्राउझरमध्ये आलं आणि मांडणीसाठी करावे लागणारे कितीतरी द्राविडी प्राणायाम संपले.

या सगळ्यात टिकलं काय, हेही सांगायला हवं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत १९९१ साली लोकांसाठी खुलं केलेलं पहिलं संकेतस्थळ आजच्या फोनमध्येही उघडतं, वाचता येतं. मजकूर एकीकडे आणि त्याचं रूप दुसरीकडे ठेवायचं, ही सीएसएसमागची कल्पना हाकोन व्हियूम ली यांनी १९९४ साली मांडली. ती आजही तशीच शिकवावी लागते. पाया फारसा हलला नाही, त्यावर चढवलेली सॉफ्टवेअर येत-जात राहिली. म्हणून एखाद्या सॉफ्टवेअरच्या नावाचा महागडा कोर्स बघितला की मला त्या मुलाची आणि त्याच्या आईवडिलांच्या पैशांची काळजी वाटते. फ्लॅश आणि ड्रीमवीव्हर या साईट बनवण्याच्या सॉफ्टवेअरची सुंदर प्रमाणपत्रं लावलेले अर्ज मी पुष्कळ पाहिलेत.

आमच्या फर्मला खरी ओळख मिळाली ती मराठी कामांमुळे. एका पतसंस्थेची साईट करायची होती. सभासद बहुतेक वयस्कर, हातात स्वस्तातला फोन, आणि बघायचं एकच, ठेवींवर व्याज किती. संस्थेकडचा मजकूर पेजमेकर या छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाईप केलेला. तो तसाच वेबवर टाकला तर नुसती चिन्हं दिसतात. आधी सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखं वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतांत आणलं, तपासलं, ‘ऱ्या’सारखी तुटलेली जोडाक्षरं एकेक करून दुरुस्त केली.

मग मांडणी. इंग्रजी व्हिडिओ बघून शिकलेली मुलं शीर्षकाला हौसेने लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर देतात. इंग्रजीत ते देखणं दिसतं. देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द शब्द राहत नाही. ओळींमधलं अंतरही इंग्रजीच्या हिशोबाने चालत नाही. वर वेलांटी आणि अनुस्वार, खाली उकार, त्यामुळे अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडं अधिकच अंतर आम्ही ठेवतो. पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये नोंदवलं की काही फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात, आणि दृष्टिहीन माणसाच्या फोनला कोणत्या भाषेत वाचायचं तेही कळतं. फिकट करड्या अक्षरांची फॅशन आम्ही कधीच स्वीकारली नाही. मजकूर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ असावा हा आंतरराष्ट्रीय निकष आमच्याकडे प्रत्येक पानाला लावला जातो. यातलं बरंचसं मला कॉलेजातल्या अक्षरलेखनाच्या तासांमुळे दिसलं आणि भागीदाराला ते कोडमध्ये उतरवता आलं. दोघांपैकी एकट्याने ते काम झालं नसतं.

दरवर्षी निकाल लागले की पालक येतात. “मॅडम, पोरगी वेब डिझाईनलाच जाणार म्हणतीया. तसली डिग्री असती का? आणि पुढं पोट भरतंय का त्यात?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

निव्वळ ‘वेब डिझाईन’ नावाची पदवी आपल्याकडे क्वचितच दिसते, पण तिकडे नेणारे रस्ते बरेच आहेत. बी. डेस., म्हणजे डिझाईनची पदवी, हा एक. आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाईनचं केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. तिथल्या बी. डेस.साठी यूसीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, एनआयडी या राष्ट्रीय डिझाईन संस्थेची परीक्षा वेगळी. दुसरा रस्ता बीएफए, म्हणजे ललित कलेची पदवी, त्यात उपयोजित कला. त्यासाठी राज्याची सीईटी आहे. तिसरा बीसीए, बीसीएस, कॉम्प्युटर डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगचा. आमच्या नऊ जणांत या तिन्ही रस्त्यांनी आलेले आहेत, आणि एक जण कॉमर्सचा पदवीधर आहे. आमच्याकडचा मजकूर सगळ्यात चांगला तोच लिहितो.

माझं ठाम मत असं आहे की कॉलेजात ते घ्यावं, जे एकट्याने स्क्रीनसमोर बसून शिकता येत नाही. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट या वेबच्या तीन भाषा फुकट आणि उत्तम शिकता येतं. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचं एमडीएन हे संकेतस्थळ कुठल्याही पुस्तकाच्या तोडीचं आहे. पण तुमचं काम भिंतीवर लावून शिक्षकाने चारचौघांत त्यातली उणीव दाखवणं, ती ऐकून पुन्हा करणं, ही सवय कलाशाळेत आणि डिझाईनच्या वर्गातच अंगी मुरते. तसंच डेटा स्ट्रक्चर्स आणि नेटवर्किंग कोणी मागे लागल्याशिवाय फार थोडी मुलं नेटाने करतात. चित्रकलेचा हात असेल तर उपयोजित कला घ्या आणि कोड घरी शिका. गणितात रमत असाल तर बीसीएस करा आणि अक्षरं, रंग, मांडणी यांचा अभ्यास रोज थोडा करा. खासगी डिझाईन संस्थांची चार वर्षांची फी कित्येक लाखांत जाते. कर्ज काढण्याआधी तिथे जाऊन शेवटच्या वर्षाच्या मुलांचं काम बघा, शिकवणाऱ्यांशी बोला. पुढे मोठ्या कंपनीत किंवा परदेशात जायचं असेल तर बहुतेकदा पदवी लागते, हेही लक्षात घ्या. आमच्यासारख्या फर्ममध्ये आम्ही काम बघतो.

पोट भरण्याबद्दल. पाच पानांची साधी साईट, एक बॅनर, ‘आमच्याविषयी’, संपर्क, असलं काम आता आमच्याकडे फारसं येत नाही. तयार टेम्प्लेटने ते आधीच कमी केलं होतं, २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून दुकानदार स्वतःच करून बघतात, आणि पुष्कळदा ते ठीकठाक होतं. याची एक गोष्ट मला मनापासून अस्वस्थ करते: नवी मुलं याच छोट्या कामांवर हात बसवायची. आता ती पायरीच राहिलेली नाही. म्हणून आम्ही ती मुद्दाम टिकवली आहे. दर जूनमध्ये दोन शिकाऊ मुलं विद्यावेतनावर घेतो आणि सहा महिने त्यांच्याकडून कमाईची अपेक्षा ठेवत नाही.

काम संपलेलं नाही. फाउंड्रीला आता गिऱ्हाइकाने ड्रॉइंग अपलोड करून भाव मागावा अशी सोय हवी असते. पतसंस्थेला सभासदांसाठी अर्ज, रुग्णालयाला वेळ घेण्याची पद्धत. यात शंभर ठिकाणी माणूस अडतो, आणि तो कुठे अडतो हे त्याच्या शेजारी बसून बघावं लागतं. आम्ही आजही तयार अर्ज घेऊन संस्थेच्या काउंटरवर जातो आणि आलेल्या सभासदाला म्हणतो, “काका, जरा भरून बघता का?” ‘जन्मतारीख’ या रकान्यात कॅलेंडर उघडून सत्तर वर्षं मागे सरकवायला लावणं किती जाचक आहे, हे तिथे पाच मिनिटांत कळतं. आता तिथे दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने असतात. असं काम करणाऱ्या मुलाला कोल्हापुरात राहूनही चांगला पगार मिळतो, हे मी आमच्या अनुभवावरून सांगते.

शिकाऊ जागेसाठी अर्ज करणाऱ्यांना एकच काम देतो. आपल्या घरातल्या किंवा गल्लीतल्या कुणालातरी नेहमी लागणारा एखादा कागदी अर्ज घ्यायचा, तो मराठीत, फोनवर भरता येईल असा करायचा, आणि साठी ओलांडलेल्या दोन माणसांकडून भरून घेऊन ती कुठे थांबली ते लिहून आणायचं. पदवी कोणतीही चालेल, शेवटच्या वर्षाची मुलंही चालतील. अर्ज मे महिन्याच्या अखेरीपर्यंत ऑफिसात आणून द्यावेत. समोर बसून बोलता येतं.