तुम्ही विचारलंत म्हणून: फँटसीत भाषा कशाला बघायची?

"फँटसी वाचायची ती गोष्टीसाठी. तुम्ही भाषेचं काय एवढं घेऊन बसता?" हे मला हमखास विचारलं जातं. विशेषतः अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' या कादंबरीबद्दल माझी टकळी सुरू झाली की.

गोष्ट काय, दोन ओळींत संपते. गेड नावाचा हुशार पण गर्विष्ठ पोरगा जादू शिकतो, ईर्ष्येपोटी नको तो मंत्र म्हणतो आणि एक सावली मोकळी सुटते. आधी ती त्याच्या मागे, मग तो तिच्या मागे. पुस्तक १९६८चं. जादूच्या शाळा त्यानंतर ढिगानं आल्या. तरी मी पुन्हा पुन्हा काढतो ते हेच.

पहिलंच वाक्य घ्या. गाँट नावाचं बेट, बेट म्हणजे एकच डोंगर, वादळी समुद्रातून मैलभर वर आलेला. आणि हा मुलूख जादूगारांसाठी प्रसिद्ध. झालं! एखाद्या जुन्या गॅझेटियरची नोंद असावी तसा सूर. जादूगार वाक्याच्या शेवटी, जाता जाता येतात. 'विश्वास ठेवा हं' अशी गळ कुठेच नाही, म्हणून तर विश्वास बसतो.

पण माझं आवडतं ठिकाण पुढे आहे. गेड ओगियन या मोठ्या जादूगाराचा शिष्य होतो. त्याला वाटतं, आता चमत्कार शिकायला मिळणार. प्रत्यक्षात दोघं नुसते चालत राहतात. पाऊस येतो. साधा गावठी जादूगारसुद्धा ढग दुसरीकडे हाकलतो, पण ओगियन पावसाला पडू देतो. हे एका छोट्या वाक्यात. तो एका दाट झाडाखाली आडवा होतो. हेही छोट्या वाक्यात. मग गेडचं वाक्य सुरू होतं आणि ते काही केल्या संपत नाही: गळक्या झुडपांत भिजत, धुसफुसत बसलेला तो, वापरायचीच नसेल तर शक्ती काय चाटायची, त्यापेक्षा पाऊस हाकलणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या गावठी जादूगाराकडे गेलो असतो तर निदान कोरडा तरी झोपलो असतो... गुरू शांत आहे आणि चेला कुरकुरतोय, हे सांगायला बाईंनी वेगळं विशेषण खर्चलेलं नाही. वाक्यांच्या लांबीनंच ते काम उरकलंय. मोठ्यानं वाचलं तर श्वासालाही कळतं.

सगळंच जमलंय असं नाही. विनोद जवळपास नाहीच, आणि सागरप्रवासाच्या काही पानांवर गांभीर्य जरा जड होतं.

१९७३च्या एका निबंधात ले ग्विन यांनी मजेशीर प्रयोग केला होता. त्या काळच्या एका फँटसीतला संवाद घेतला, चार-दोन शब्द बदलले, आणि तो वॉशिंग्टनमधल्या राजकारण्यांचं बोलणं म्हणून सहज खपून गेला! त्यांचं म्हणणं असं की वास्तववादी कादंबरीला ओळखीच्या जगाचा टेकू असतो. फँटसीतलं जग लेखकाच्या शब्दांखेरीज कुठेच नसतं. तिथे भाषा ढिली पडली की बेटासकट सगळं बुडतं. हा प्रयोग मी आता नव्या फँटसीवर सर्रास करतो. राजपुत्राच्या तोंडचं वाक्य ऑफिसच्या मीटिंगमध्ये खपेल का, एवढंच बघायचं. खपलं, तर मी पुस्तक सहसा तिथेच मिटतो, पुढे ड्रॅगन असला तरी.