तंबाखू : नाही

गणेश चवथीला आठ दिवस राहिले होते. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, एका गावात देवळाच्या मंडपात आमचं तपासणी शिबिर होतं, तीस ते पासष्ट वयाच्या माणसांसाठी. मी दंतवैद्य, म्हणून माझ्या वाट्याला तोंडं. प्लास्टिकची खुर्ची आणि कपाळाला बांधलेली बॅटरी, एवढाच दवाखाना.

एका काकांना आशाताईने जवळजवळ ओढूनच आणलं. तंबाखू चाळीस वर्षांची. डाव्या गालात पांढरा चट्टा, गॉजने पुसून न जाणारा. असे सगळेच चट्टे पुढे कॅन्सर होत नाहीत, पण कुठला होईल ते नुसतं बघून सांगता येत नाही. मी त्यांची चिठ्ठी लिहीत होते, काकी शेजारी उभ्या होत्या.

"तुम्हीपण बसा."

"माझं कशाला गे बाय? मी तंबाखूला हात लावत नाही."

अर्जावरही तेच. तंबाखू : नाही. दारू : नाही. आम्हीही अशा अर्जांना फसतो. केरळातल्या ज्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष 2005 साली आला, त्यात नुसतं डोळ्यांनी तोंड तपासून तंबाखू-दारूवाल्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाले होते. त्यामुळे नजर आधी त्यांच्याकडेच जाते.

काकी बसल्या, तोंड उघडलं आणि मला ओळख पटली, चेहऱ्यावरून नव्हे, दाढेवरून. उजवीकडची खालची दाढ जिभेला टोचते म्हणून आषाढात त्या माझ्याकडेच आल्या होत्या. धार मी घासून दिली होती आणि पंधरा दिवसांनी दाखवा म्हटलं होतं. टोचणारं काढूनही दोन-तीन आठवड्यांत व्रण भरला नाही, तर दोष दाताचा नसतो. हे मला ठाऊक होतं, त्यांना नीट सांगितलं की नाही ते आठवत नाही. फोन नंबर घेतला नव्हता, हे मात्र पक्कं आठवतं.

तोंड पुरतं उघडतच नव्हतं. उभी तीन बोटं जायला हवीत तिथे दोन जेमतेम गेली. पट्टीवर 26 मिलिमीटर, एरवी चाळीसच्या आसपास असतं. गाल आतून फिकट, बोटाला ताठ दोऱ्या लागत होत्या. तिखट? "दोन वर्षं झाली, मिरची सोसत नाही." जीभ गॉजमध्ये धरून बाहेर ओढली. उजव्या कडेला दीड सेंटीमीटरचा व्रण, न दुखणारा. बोटाने चाचपला तर बूड कडक. साधी जखम बोटाखाली अशी लागत नाही.

"काकी, सुपारी खाता?"

त्यांनी पिशवीतून अडकित्ता काढून दाखवला. "घरच्या कुळागरातली. त्यात तंबाखूचा कण नाही हं."

गोव्यात गुटख्यावर 2005 सालीच बंदी आली, पण परसातल्या पोफळीवर कोण बंदी घालणार? नुसती सुपारीही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 साली जाहीर केलंय. आमच्या अर्जात अजून तिला रकाना नव्हता.

दोघांनाही बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जायला सांगितलं. "चवथ झाली की जाऊ," काका म्हणाले. आठ-दहा दिवसांनी आभाळ कोसळलं नसतं, पण चवथीनंतर दसरा येतो, मग दिवाळी. "आणि तपासायला तुकडा काढला की कॅन्सर पसरतो म्हणतात." पसरत नाही, उलट तुकडा काढल्याशिवाय नाव कळत नाही, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. शेवटी काकीच म्हणाल्या, "गणपतीवरची फळांची माटोळी सून बांधील." दुसऱ्या दिवशी दोघं बांबोळीला गेली.

रिपोर्ट घेऊन मुलगा माझ्याकडे आला. कॅन्सरच होता, पुढे 'मॉडरेटली डिफरन्शिएटेड' असं लिहिलेलं. "मॉडरेट म्हणजे दुसरी स्टेज ना?" नाही. ती ग्रेड, पेशी मूळच्या पेशींपासून किती बिघडल्यात त्याची. स्टेज म्हणजे रोग कुठवर गेलाय. गाठ, मानेतल्या ग्रंथी आणि लांबचे अवयव, असा तीन अक्षरांचा हिशेब: टी, एन, एम. एमआरआयमध्ये व्रण सात मिलिमीटर खोल दिसत होता. जुन्या हिशेबात दीड सेंटीमीटरचा म्हणजे टी-1. 2018पासून खोलीही मोजतात, म्हणून टी-2. मानेत काही दिसलं नाही. म्हणजे स्टेज दुसरीच, पण त्याने काढलेल्या कारणाने नव्हे.

"मामाला किमो दिली होती, आईला ऑपरेशन का?" मामाला रक्ताचा कॅन्सर होता. तिथे कापून काढायला गाठच नसते. आईचा कॅन्सर जिभेच्या अस्तरातून उठलेला. नाव एक, आजार वेगळे.

ऑपरेशनमध्ये मानेतल्या ग्रंथीही काढल्या, कारण स्कॅनला न दिसणारं काही तिथे असू शकतं. होतंच. एका ग्रंथीत पेशी सापडल्या आणि स्टेज तिसरी झाली. मुलगा फोनवर चिडला, "महिन्याभरात वाढला?" वाढला नव्हता, होता तो आता दिसला. मग रेडिएशन.

परवा काकी तपासणीला आल्या. तोंड उघडायचा व्यायाम म्हणून लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या असतात. त्यांनी सोळा धरून दाखवल्या. बोलणं थोडं बोबडं झालंय. काका दाराशी उभे होते. बायकोच्या धावपळीत त्यांचा चट्टा सगळेच विसरले होते, मीसुद्धा. खुर्चीत बसवलं, बॅटरी लावली. चट्टा तिथेच होता, थोडा पसरलेला. तारीख ठरवली आणि आधी त्यांचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये घातला.