तुम्ही विचारलंत म्हणून : पंचवटीत फोन लागतो, मग हे कशाला?

"पंचवटीत बसून कॉल नीट चालतो की, मग ओएफडीएमला काय झालंय?" कॉलेजात, लग्नकार्यात, परवा तर दवाखान्याच्या रांगेतही कुणीतरी हेच विचारलं. ओएफडीएम म्हणजे आपल्या ४जी-५जी फोनची पद्धत : माहिती एकमेकांना लागून असलेल्या अनेक बारीक लहरींवर, म्हणजे सबकॅरियरवर, वाटून पाठवायची. खूप वेगात ती कुठं कमी पडते आणि तिच्याजागी काय, हा माझा संशोधनाचा विषय, म्हणून हा प्रश्न. ओएफडीएमला काही झालेलं नाही. पंचवटी एक्स्प्रेसच्या वेगाला ओएफडीएम पुरतं. चार वर्षांपूर्वी मी हे कबूल केलं नसतं.

तेव्हा नाशिकजवळ ओझरला, हायवेलगत मैत्रिणीच्या गच्चीवर ट्रान्समीटर ठेवला होता. भाऊ ताशी ९० नं गाडी पळवायचा, मी मागे रिसीव्हर आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन. सबकॅरियरमधलं अंतर १५ किलोहर्ट्झ आणि सगळे साधारण ४ किलोहर्ट्झनं सरकलेले, एकमेकांत घुसलेले. डॉपलर, म्हणजे वेगामुळे लाटेची फ्रिक्वेन्सी सरकणं, सापडला म्हणून गाडी कडेला घेऊन आईला फोन केला.

प्रगती सेमिनारला तोच आलेख लावला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एवढंच विचारलं, "मॅडम, उभ्या गाडीतलं रीडिंग कुठंय?"

घेतलंच नव्हतं. त्या रात्री ट्रान्समीटर घराच्या गॅलरीत ठेवला आणि खाली बंद गाडीत बसले. हँडब्रेक ओढलेला, आणि स्क्रीनवर पुन्हा ४ किलोहर्ट्झ. दोष रेडिओची फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या क्रिस्टलचा होता. २.४ गिगाहर्ट्झला ताशी ९० चा डॉपलर जेमतेम २०० हर्ट्झ. हिशेब तोंडी होता, पण मी केला नाही, कारण मला ओएफडीएम पडायलाच हवं होतं.

तरी विषय सोडला नाही, आणि तो हट्ट नव्हता. सगळे सबकॅरियर सारखेच सरकले तर रिसीव्हर एका आकड्यात दुरुस्ती करतो. पण ताशी ५०० च्या गाडीत, ४ गिगाहर्ट्झवर, पुढून येणारी लाट सुमारे १८५० हर्ट्झ वर सरकते, मागून येणारी तेवढीच खाली. एकाच वेळी. कुठला आकडा वजा करणार? सबकॅरियरमधलं अंतर वाढवा म्हणाल. ५जीनं ३०, ६०, १२० किलोहर्ट्झ केलंच. पण अंतर दुप्पट की सिम्बॉल, म्हणजे एका वेळी पाठवलेला माहितीचा तुकडा, निम्मा, आणि दोन तुकड्यांमधली राखीव फट, सायक्लिक प्रीफिक्स, तीही निम्मी, मग डोंगरावरून उशिरा परतलेली लाट पुढच्या सिम्बॉलमध्ये शिरते. २०१७ साली हदानी आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ओटीएफएस ही दुसरी पद्धत माहितीच विलंब-डॉपलरच्या जाळीवर ठेवते, म्हणजे लाट किती उशिरा आली आणि किती सरकली या दोन मापांवर. रिसीव्हरचं गणित जड होतं, मान्य.

तेव्हाची मी म्हणते, बघ, बरोबर होते ना. नव्हतीस. पुरावा चुकीचा होता.

नाशिकात ताशी ५०० नं धावणारी गाडी नाही. तो वेग मी संगणकात तयार करते. ओझरच्या त्याच गच्चीवरून एचएएलच्या कारखान्यातली विमानं दिसतात, मान वर करेपर्यंत गेलेली असतात.