आधी केबलींची अदलाबदल करून बघा

‘संगणकावर विंडोजही आहे आणि उबुंटूही. मॉनिटर दोन. सुरू केल्यावर कुठली सिस्टीम उघडायची हे विचारणारी यादी नेमकी नको त्या मॉनिटरवर येते. ती हव्या त्या मॉनिटरवर कशी आणायची?’ हा प्रश्न मला कुणी ना कुणी सारखं विचारतं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमच्या घरी हे बाबांमुळे लक्षात आलं. माझ्या टेबलावर एक मॉनिटर आडवा, दुसरा उभा. उभ्यावर मी प्रुफं तपासतो, तेही उबुंटूत. बाबांना लागतं विंडोज, कारण त्यांच्या जमाखर्चाचे तक्ते तिथे आहेत. यादी यायची उभ्या मॉनिटरवर. मॉनिटर फिरवलेला आहे हे विंडोजला आणि उबुंटूला ठाऊक, पण यादी दाखवणाऱ्या ग्रबला नाही. त्यामुळे सगळी अक्षरं कुशीवर पडलेली, ओळी खालून वर चढणाऱ्या. एका सकाळी पाहिलं तर बाबा मान डाव्या खांद्याकडे वळवून, बोटाने ओळी मोजत ‘विंडोज बूट मॅनेजर’ शोधत होते. मानेचं दुखणं असलेला माणूस. दहा सेकंद संपले, उबुंटू सुरू झालं, आणि त्यांनी काही न बोलता पुन्हा रीस्टार्ट केलं. असं रोज चाललं होतं आणि मला पत्ताच नव्हता. फार वाईट वाटलं.

मग मी सगळे करतात तेच केलं. विंडोजच्या सेटिंगमध्ये आडवा मॉनिटर मुख्य ठरवला, उबुंटूतही ठरवला. काडीचा फरक पडला नाही. पडणार तरी कसा? यादी येते तेव्हा दोन्हींपैकी एकही सिस्टीम जागी नसते. तुम्ही केलेली निवड डिस्कवर नुसती पडून असते. त्या वेळी कारभार असतो यूईएफआय फर्मवेअरकडे, म्हणजे मदरबोर्डवरच्या, संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रामकडे. ते ग्राफिक्स कार्डातल्या जीओपी नावाच्या छोट्या ड्रायव्हरला उठवतं, चित्र कुठल्या पोर्टवर पाठवायचं ते तो ठरवतो, आणि ग्रब त्या आयत्या पडद्यावर आपली यादी मांडतं. ग्रबच्या सेटिंगमध्ये ‘जीएफएक्समोड’ अशी ओळ असते, पण तिने रिझोल्यूशन बदलतं, मॉनिटर नाही. त्या एका ओळीपायी लोकांच्या अख्ख्या संध्याकाळी गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

म्हणून माझं उत्तर एकच: संगणक बंद करा आणि कार्डाच्या मागच्या केबलींची अदलाबदल करा. काही कार्डं सुरुवातीला दोन्ही मॉनिटरवर तेच चित्र दाखवतात, काही एकावरच, आणि पोर्टांचा क्रम कार्डागणिक वेगळा. माझं कार्ड डिस्प्लेपोर्टला आधी मान देत होतं. आडवा मॉनिटर तिथे जोडला, उभा एचडीएमआयवर नेला, काम झालं.

एक मॉनिटर कार्डाला आणि दुसरा थेट मदरबोर्डला जोडलेला असेल, तर मात्र बायोसमध्ये, म्हणजे त्याच फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जा. तिथे ‘प्रायमरी डिस्प्ले’ किंवा ‘इनिशियल डिस्प्ले आउटपुट’ असं काहीतरी सापडेल. आयजीएफएक्स म्हणजे प्रोसेसरमधलं ग्राफिक्स, पीईजी म्हणजे वेगळं कार्ड. बदल केल्यावर पडदा काळाच राहिला तर घाबरू नका. चित्र दुसऱ्या पोर्टवर गेलेलं असतं, केबल तिकडे लावा.

केबली बदलल्यावर दोन्ही सिस्टीममध्ये मॉनिटरची मांडणी आणि उभा-आडवा पुन्हा एकदा लावून घ्यावं लागू शकतं, कारण उबुंटू मॉनिटर कुठल्या पोर्टवर आहे हेही लक्षात ठेवतं. आणि मॉनिटरला जाग यायलाच चार-पाच सेकंद लागत असतील तर ग्रबचा ‘टाइमआउट’, म्हणजे यादी थांबण्याचा वेळ, वाढवा, मग उबुंटूच्या टर्मिनलमध्ये ‘सुडो अपडेट-ग्रब’ ही आज्ञा चालवायला विसरू नका. ते केल्याशिवाय बदल लागू होत नाही. मी दहाचे वीस सेकंद केले. बाबांना चष्मा लावायलाही वेळ मिळतो.

केबलीच्या टोकाला मी कागदी पट्टी चिकटवून ‘आडवा, डिस्प्लेपोर्ट’ असं लिहून ठेवलंय. दिवाळीच्या साफसफाईत सगळ्या केबली निघतात, तेव्हा बाबा ती वाचून स्वतःच परत जोडतात.